लिहायला शिकवायचं कुणी: मराठीच्या मॅडमनी की केमिस्ट्रीच्या सरांनी?

सेमिस्टर संपायला आठवडा उरला, की कोल्हापुरातल्या कोणत्याही सायन्स कॉलेजच्या कट्ट्यावर एक दृश्य हमखास दिसतं. मध्ये एक पूर्ण झालेलं जर्नल उघडं, भोवती पाचसहा जण आणि सगळ्यांची पेनं एकाच वेगानं चाललेली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. ज्याचं जर्नल उतरवलं जातंय, त्यानंही ते गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेलं असतं. सही होते, शिक्का बसतो, जर्नल सर्टिफाय होतं. पदवीच्या तीन-चार वर्षांत विद्यार्थी अशी शेकडो पानं हातानं काढतो. उतरवणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपल्याकडे दोन्हींना ‘लिहिणं’च म्हणतात, तिथूनच घोटाळा सुरू होतो.

पुढं हाच विद्यार्थी एम.एस्सी.चा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन गाइडसमोर उभा राहतो आणि गाइड वैतागतात: चार ओळी धड लिहिता येत नाहीत, बी.एस्सी.ला काय शिकवलं? पदवीचे शिक्षक ज्युनिअर कॉलेजकडं बोट दाखवतात, ज्युनिअरवाले हायस्कूलकडं, आणि हायस्कूलचे बाकीचे मास्तर मराठीच्या मॅडमकडं. मॅडम बिचाऱ्या वृत्तं, अलंकार आणि पत्रलेखन शिकवून मोकळ्या झालेल्या असतात. टायट्रेशनचा रिपोर्ट कसा लिहायचा, हे त्यांनी शिकवावं अशी अपेक्षा करणंच चूक आहे.

ही टोलवाटोलवी जगभरच्या विद्यापीठांत झाली. तिच्यातून बाहेर पडायचे काही मार्गही सापडलेत.

सायकलची उपमा कुठं चुकली

हार्वर्ड विद्यापीठानं १८७४ मध्ये प्रवेश परीक्षेत निबंध घातला. पुढं पहिल्या वर्षाला सक्तीचा लेखनाचा तास आला आणि अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी तीच पद्धत उचलली. त्यामागची समजूत अशी, की लिहिणं म्हणजे सायकल: एकदा शिकलं की कुठल्याही रस्त्यावर चालवता येते. भाषा विभागानं पहिल्या वर्षी शिकवून टाकायचं, बाकीच्या विभागांनी फक्त चुका काढायच्या.

शंभर वर्षं हे चाललं. मग १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं शहरातल्या हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली हजारो मुलं वर्गात आली आणि जुनी व्यवस्था उघडी पडली. त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन कॉलेजातले केनेथ ब्रफी यांनी विद्यार्थ्यांनीच एकमेकांचं लेखन वाचायची पद्धत रुजवली. त्याच सुमारास आयोवा राज्यातल्या सेंट्रल कॉलेजात बार्बरा वॉल्वूर्ड वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांना केवळ लेखन या प्रश्नावर एकत्र बसवत होत्या. १९७७ मध्ये लेखनाच्या अभ्यासक जॅनेट एमिग यांनी मांडलं, की लिहिणं ही शिकण्याचीच एक पद्धत आहे. शिकून झाल्यावर द्यायचा तो निव्वळ पुरावा नव्हे.

इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी ११ ते १८ वयाच्या मुलांचे सुमारे २००० लेखननमुने तपासले. त्यातलं जवळपास निम्मं लेखन परीक्षकाच्या भूमिकेतल्या शिक्षकासाठी होतं. जरा विचार केला तर हा प्रकार किती विचित्र आहे ते कळतं. वाचणाऱ्याला मजकूर आधीच पाठ आहे, आणि लिहिणाऱ्याला एवढंच दाखवायचंय की मलाही तो पाठ आहे. बँकेचा अर्ज, डॉक्टरांची चिठ्ठी, कारखान्याचा रिपोर्ट, प्रेमपत्र. कॉलेजबाहेरचं कोणतंही लिखाण असं नसतं.

या सगळ्यातून जी चळवळ उभी राहिली तिला आपण ‘सर्व विषयांतून लेखन’ म्हणू. तिच्यात दोन धागे आहेत आणि त्यांची गल्लत झाली की कार्यक्रम फसतो. पहिला धागा, विषय समजावा म्हणून लिहायचं: कच्चं, छोटं, बिनगुणांचं. दुसरा धागा, त्या विषयातले जाणकार जसं लिहितात तसं लिहायला शिकायचं: पक्कं, पुन्हा पुन्हा सुधारलेलं, गुण असलेलं. पहिल्या प्रकारात शुद्धलेखन तपासलं तर मुलं लिहायचीच थांबतात. दुसऱ्या प्रकारात ते सोडून दिलं तर रिपोर्ट वाचवत नाही.

एक पूर, पाच विभाग

सायकलची उपमा का चुकते ते २०१९ च्या महापुरावरून चटकन दिसेल. समजा, पाच विभागांतल्या विद्यार्थ्यांना त्यावर दोन-दोन पानं लिहायला सांगितली.

भूगोलाच्या विद्यार्थ्याला ‘नदीनं रौद्र रूप धारण केलं’ हे वाक्य काही कामाचं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्यानं सांगायचंय, की पाणी ३९ वर किती वाजता होतं, तिथून ४३ ला जायला किती तास लागले आणि त्या तासांत राधानगरी धरणातून विसर्ग किती होता. हे तक्त्यात येतं. खालचा मजकूर तक्ता पुन्हा वाचून दाखवत नाही, तक्त्यातून काय दिसतं ते सांगतो. ही एक गोष्ट न शिकवल्यामुळं आपल्याकडचे निम्मे रिपोर्ट फुगलेले असतात.

लॉ कॉलेजातल्या विद्यार्थिनीचा साचा वेगळा: घटना, वादाचा मुद्दा, लागू होणारा कायदा, तो या घटनेला कसा लागू होतो, निष्कर्ष. घसरण चौथ्या पायरीवर होते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधलं कलम जसंच्या तसं उतरवलं जातं आणि थेट ‘म्हणून प्रशासन जबाबदार आहे’ अशी उडी पडते. कलमातला कोणता शब्द, घटनेतली कोणती गोष्ट, आणि दोन्ही कसे जुळतात हे लिहिलेलं नसतं. शिकवायचं नेमकं तेच असतं.

अर्थशास्त्रात ‘उसाचं मोठं नुकसान झालं’ असं लिहिलं की पहिला प्रश्न येतो: कशाच्या तुलनेत? आदल्या वर्षाच्या, की पाच वर्षांच्या सरासरीच्या? आणि दर कोणता धरला, एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, की कारखान्यानं प्रत्यक्षात दिलेला? तुलना न सांगता दिलेला आकडा या विषयात आकडाच नाही.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला शिरोलीच्या फाउंड्रीत पाणी शिरल्याचा रिपोर्ट द्यायचाय. शाळेतल्या निबंधात निष्कर्ष शेवटी यायचा. इथं तो पहिल्या ओळीत हवा: कोणत्या मोटारी चालू करायच्या नाहीत, का, आणि तपासणीला किती वेळ लागेल. मॅनेजर दुसरं पान उलटेलच असं नाही.

आणि मराठीच्या विद्यार्थिनीसमोर पूरग्रस्तांच्या मुलाखती आहेत. एक बाई म्हणते, ‘पाणी आलं’. दुसरी म्हणते, ‘पाणी सोडलं’. घटना एकच, पण पहिल्या वाक्यात पाणी आपणहून येतं आणि दुसऱ्यात कुणीतरी ते सोडतं. जबाबदारी कुणावर, हे क्रियापदानं ठरवून टाकलं. तिचा पुरावा म्हणजे हे क्रियापदच. भूगोलवाल्याला जे निरुपयोगी, तेच हिचं भांडवल.

इतिहासाचं उदाहरण थोडं सविस्तर घेऊ, कारण कोल्हापुरात ते प्रत्येकाला ठाऊक असतं आणि म्हणूनच त्यावर वाईट लिहिलं जातं. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश. दहापैकी नऊ प्रोजेक्टांत एक वाक्य येतं, की महाराजांनी मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्यानंतर दोन पानं गौरव. इतिहासाचा शिक्षक इथं विद्यार्थ्याला आदेशाचा मजकूरच वाचायला लावतो आणि विचारतो: हे कुणाला उद्देशून आहे? मागास वर्ग कोण, हे कसं सांगितलंय? आदेश निघाल्यानंतरच्या सगळ्या नेमणुकांचं दर तीन महिन्यांनी पत्रक खातेप्रमुखांनी सादर करावं, असं त्यात का म्हटलंय? इथं विद्यार्थी पहिल्यांदा थांबतो. आदेश काढून भागणार नाही, खालचे अधिकारी तो कागदावरच ठेवतील, अशी शंका त्या अटीत दिसते का? हा अंदाज झाला. मग त्याला आधार शोधायला पुरालेखागारात जावं लागतं, आणि तिथून लेखन सुरू होतं.

जर्नलचं काय करायचं

आता पुन्हा कट्ट्यावर. जर्नल बंद करा असं कुणी म्हणत नाही. फक्त त्यातला उतरवायचा भाग काढून टाकला आणि विचार करायचा भाग वाढवला, की काम होतं. पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचा प्रयोग घेऊ, विंकलर पद्धतीचा.

उद्देश, साहित्य आणि कृती छापून द्यायची आणि जर्नलमध्ये चिकटवायला सांगायची. ती हातानं लिहून कुणाचंच भलं होत नाही. विद्यार्थ्यानं तीनच गोष्टी लिहायच्या. प्रयोगाआधी तीन ओळींचा अंदाज: रंकाळ्याच्या काठाचं पाणी आणि पंचगंगा घाटावरचं पाणी, कशात ऑक्सिजन जास्त असेल आणि का. प्रयोग चालू असताना पेननं कच्ची रीडिंग्ज, वेळेसह. चुकलेलं रीडिंग खोडरबरानं घालवायचं नाही, एक आडवी रेघ मारायची. आणि प्रयोगानंतर, त्याच तासाला, १५० शब्द: काय मिळालं, अंदाजाशी जुळलं का, नसेल तर कशामुळं.

समजा, २०० मिली नमुना घेतला आणि ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेटचं द्रावण टायट्रेशनला ११ मिली लागलं. या प्रमाणात १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे ऑक्सिजन ११ मिलिग्रॅम. पण २७ अंश तापमानाला पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. उतरवणारा विद्यार्थी इथं घाबरतो आणि ११ चं गुपचूप ७ करतो, कारण ‘उत्तर’ ७ च्या आसपास यायला हवं हे त्याला शेजाऱ्याच्या वहीतून कळलेलं असतं. लिहिणारा विद्यार्थी मात्र अडतो. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला होता का? थायोसल्फेटची नॉर्मॅलिटी आधी तपासली होती का? की नमुना भर दुपारी, हिरव्यागार शेवाळातून घेतला होता? शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, पाणी मर्यादेपेक्षा जास्त भारलं जाऊ शकतं आणि पहाटे त्याच जागी आकडा तळाला जातो. यातलं नेमकं कोणतं कारण, ते कसं तपासता येईल, हे त्यानं १५० शब्दांत मांडलं तर त्या दिवसाचं रसायनशास्त्र त्याला समजलं. ११ हे आकड्यानं ‘चूक’ असूनही त्याला पूर्ण गुण द्यावेत. इथं मास्तरांची कसोटी लागते.

प्रत्येक जोडीला वेगळा नमुना दिला, की कट्ट्यावरची बैठक आपोआप मोडते. दुसऱ्याचं जर्नल उपयोगाचंच राहत नाही.

ऐंशी पोरांचे कागद तपासायचे कधी?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर गणितानंच द्यावं लागतं. वर्गात ८० विद्यार्थी, प्रत्येकाच्या प्रोजेक्टला १० मिनिटं धरली तरी ८०० मिनिटं, म्हणजे १३ तास २० मिनिटं. वर्षात चार वेळा हे करणं कुणालाही शक्य नाही. म्हणून जाणती विद्यापीठं शिक्षकाला जास्त तपासा असं सांगत नाहीत. कमी तपासा, पण योग्य वेळी तपासा, असं सांगतात.

पहिला उपाय म्हणजे न तपासायचं लेखन. तासाची शेवटची पाच मिनिटं, पाव कागद, दोन प्रश्न: आज कळलेली सर्वात महत्त्वाची गोष्ट कोणती, आणि कोणती अजून कळली नाही? गुण नाहीत. शिक्षकानं त्यातले पंधरा कागद चहा घेता घेता वाचायचे आणि पुढच्या तासाची सुरुवात तिथूनच करायची. ही सुरुवात राहून गेली, तर तिसऱ्या आठवड्यात मुलं ‘सगळं कळलं, धन्यवाद सर’ लिहायला लागतात.

दुसरा उपाय, मोठं काम फोडून द्यायचं. पण त्याआधी प्रश्न नीट हवा. ‘पर्यावरण या विषयावर प्रोजेक्ट करा’ असं सांगितलं, की झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो. दोष विद्यार्थ्याचा कमी, प्रश्नाचा जास्त. त्याऐवजी असं सांगून बघा: ‘रंकाळ्यात जलपर्णी वाढते त्याला सांडपाणी जास्त जबाबदार की साठलेला गाळ? महापालिकेच्या अभियंत्याला यंदा यातल्या एकाच कामावर खर्च करता येणार आहे. त्याच्यासाठी ८०० शब्द लिहा. त्यात तुम्ही स्वतः पाहिलेलं किमान एक निरीक्षण आणि तीन छापील आधार हवेत.’ प्रश्न, वाचक, लांबी आणि पुरावा या चारही गोष्टी ठरल्या. हा प्रोजेक्ट दुकानात मिळत नाही.

मग आठवडे वाटून द्यायचे. दुसऱ्या आठवड्यात फक्त एक वाक्य: माझं म्हणणं काय. इथं प्रत्येकी तीन मिनिटं पुरतात. ८० विद्यार्थ्यांना चार तास. या चार तासांचा उपयोग शेवटच्या तेरा तासांपेक्षा जास्त होतो, कारण म्हणणं चुकलेलं असेल तर ते अजून बदलता येतं. चौथ्या आठवड्यात तीन आधार, प्रत्येकाखाली चार ओळी: यात काय म्हटलंय आणि माझ्या म्हणण्याला ते बळ देतं की विरोध करतं. सहाव्यात पहिला खर्डा, जो शिक्षक वाचतच नाही. शेजारच्या बाकावरचा वाचतो. आठव्यात पक्का मजकूर, सोबत पहिला खर्डा आणि अर्धं पान: काय बदललं आणि का. २० गुण असतील तर निदान ८ या वाटेवरच्या टप्प्यांना हवेत. टप्प्यांना गुण नसले, तर सगळे टप्पे शेवटच्या रात्री एकदम तयार होतात, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही मास्तरांना सांगायची गरज नाही.

शेजाऱ्यानं वाचायचं म्हणजे काय, हेही शिकवावं लागतं. नाहीतर ‘भावा, भारी लिहिलंयस, नादखुळा’ एवढाच शेरा येतो. त्याला तीन कामं द्यायची: लेखकाचं म्हणणं तुझ्या शब्दांत एका वाक्यात लिही; जिथं पुरावा मागावासा वाटला तिथं खूण कर; आणि परिच्छेदांची अदलाबदल करून बघ.

हे तिसरं काम आपल्याकडे फार उपयोगाचं आहे, कारण आपली मुलं ‘मुद्देसूद’ लिहितात. बाजारातली गाइडं त्यांना आठ मुद्दे देतात, परीक्षक मुद्दे मोजतात आणि मोजून गुण देतात. त्यामुळं परिच्छेद म्हणजे नंबर नसलेली यादी होते. तिसरा मुद्दा सहाव्याच्या जागी टाकला आणि काहीच बिघडलं नाही, तर समजा की ती यादी आहे, मांडणी नव्हे. मांडणीत एक वाक्य दुसऱ्याला धरून असतं. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘मात्र’, ‘एवढं खरं असलं तरी’ हे शब्द तिथं काम करतात. ते सुटले, की विचारही सुटलेला असतो.

लाल पेन

तपासणीबद्दल एक गैरसमज घट्ट आहे, की जास्त चुका काढल्या म्हणजे जास्त शिकवलं. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षकांचे शेरे तपासले. एकाच खर्ड्यावर ‘हा परिच्छेद विस्तारा’ आणि त्याच परिच्छेदातल्या वाक्यांवर ‘इथं स्वल्पविराम’ असे दोन्ही शेरे दिसत. विद्यार्थी स्वल्पविराम देतो आणि परिच्छेद तसाच ठेवतो. ज्या वाक्याचं पुढं काही राहणारच नाही, त्याचं व्याकरण दुरुस्त करून घेणं हा दोघांच्याही वेळेचा अपव्यय.

म्हणून क्रम पाळायचा. आधी म्हणणं, मग पुरावा, मग रचना, मग वाक्यं, आणि ऱ्हस्व-दीर्घ सर्वात शेवटी. एका खर्ड्यावर दोनच मोठे शेरे. शुद्धलेखनासाठी रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मध्ये एक साधी युक्ती मांडली: ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात फक्त खूण करायची, चूक दाखवायची नाही. विद्यार्थ्यानं ती शोधून सुधारायची. त्यांच्या वर्गात निम्म्याहून अधिक चुका मुलांनी स्वतःच दुरुस्त केल्या. म्हणजे बऱ्याच चुका अज्ञानाच्या नसून घाईच्या होत्या. राहिलेल्यांतून सगळ्यांची मिळून एकच नेहमीची चूक निवडून तासाला दहा मिनिटं घ्यावीत. ‘पाणि’ आणि ‘आणी’ एवढ्यानं मार्गी लागतात. व्याकरणाचे स्वतंत्र तास वाढवल्यानं लेखन सुधारत नाही, हे अमेरिकेत १९६३ च्या आढाव्यातच सांगून झालंय, तरी प्रत्येक अभ्यास मंडळात कुणीतरी तो तास पुन्हा मागतंच.

लेखन केंद्रात नेमकं काय होतं

पर्ड्यू विद्यापीठानं १९७६ मध्ये लेखनाची प्रयोगशाळा सुरू केली आणि १९९४ मध्ये तिचं साहित्य इंटरनेटवर ठेवलं. जगभरचे विद्यार्थी आजही ते वापरतात. आपल्या देशात सोनीपतच्या अशोका विद्यापीठात असं केंद्र आहे. खर्च फारसा नाही. ग्रंथालयाचा एक कोपरा, दोन टेबलं, चार खुर्च्या, वेळ नोंदवायची वही आणि आठ-दहा प्रशिक्षित वरिष्ठ विद्यार्थी, तेही वेगवेगळ्या विषयांचे.

भेट साधारण ३० ते ४५ मिनिटांची. पहिली पाच मिनिटं प्रश्न: सरांनी नेमकं काय सांगितलंय, तुला कुठं अडलंय? मग विद्यार्थी स्वतःचा मजकूर मोठ्यानं वाचतो. अर्ध्या चुका त्याच्या कानालाच टोचतात. साहाय्यक विचारत राहतो: हे वाक्य इथं का? वाचणाऱ्याला हे कुठून कळेल? पेन पूर्ण वेळ विद्यार्थ्याच्या हातात. वस्ताद पोराला पकड दाखवतो, त्याच्या जागी कुस्ती खेळत नाही. साहाय्यकानं दोन वाक्यं स्वतः लिहून दिली, की केंद्राचं टायपिंगचं दुकान झालं. शेवटी विद्यार्थी पुढचं एक काम स्वतः लिहून घेतो. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये हेच मांडलं होतं: केंद्राचं काम कागद सुधारणं नसून लिहिणारा सुधारणं आहे.

केंद्र बंद पडतं ते बहुधा एकाच कारणानं. ‘ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तिकडं जावं’ अशी सूचना फळ्यावर लागते आणि मग कुणीच जात नाही. ब्राउन विद्यापीठानं १९८२ पासून यावर वेगळा तोडगा काढला: निवडक विद्यार्थी थेट एखाद्या विषयाच्या वर्गाला जोडायचे आणि वर्गातल्या सगळ्यांनीच, पहिला नंबर असो की शेवटचा, आपला खर्डा त्यांना दाखवायचा. सगळेच जातात म्हटल्यावर लाज उरत नाही.

मराठीत विचार, इंग्रजीत रिपोर्ट

शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात मोठ्या संख्येनं मुलं मराठी माध्यमातून येतात आणि विज्ञान-वाणिज्य-इंजिनिअरिंगला इंग्रजीत लिहितात. त्यांना पहिल्यापासून इंग्रजीतच लिहायला लावलं, की ती पाठ असलेली वाक्यं वापरतात, कारण नवीन वाक्य बांधायला हातात शब्द नसतात. पहिला खर्डा मराठीत, किंवा बोलतात तशा मिश्र भाषेत लिहू द्यावा. पक्का करताना ओळीला ओळ भाषांतर करायचं नाही. प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं एका ओळीत काढायचं, मराठी कागद बाजूला ठेवायचा आणि त्या ओळीवरून इंग्रजी परिच्छेद नव्यानं लिहायचा.

मराठीत शोधनिबंध लिहिणाऱ्यांची अडचण उलटी आहे. तिथं सरकारी परिपत्रकाची लागण झालेली असते. ‘सदर नमुन्याचे परीक्षण करण्यात येऊन निष्कर्ष काढण्यात आलेला आहे.’ परीक्षण कुणी केलं? ‘आम्ही नमुना तपासला’ म्हटल्यानं शास्त्र बुडत नाही. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि वाईहून निघणारा मराठी विश्वकोश हाताशी आहेत. शब्द जड वाटला तर रूढ इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवावा, पण एकदा जो घेतला तोच शेवटपर्यंत. पहिल्या पानावर ‘प्राणवायू’, तिसऱ्यावर ‘ऑक्सिजन’ असं झालं, की वाचणाऱ्याला वाटतं दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि प्रस्तावना. ‘महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे’ किंवा ‘प्राचीन काळापासून मानव...’ इथून निघालेला प्रबंध विषयापर्यंत पोचायला सहा पानं घेतो. जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांतल्या तीन हालचाली दाखवल्या: या क्षेत्रात काय माहीत आहे, त्यात कुठं जागा मोकळी आहे, आणि ती जागा मी कशी भरतोय. तीन परिच्छेद पुरतात. दुसरा परिच्छेद लिहिता येत नसेल, तर वाचन अपुरं आहे असं समजून ग्रंथालयात परतावं.

दहा टक्क्यांचा गोंधळ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीनुसार मजकुरातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष पुन्हा सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. यातून कॉलेजांत अर्थ निघाला, की ‘दहा टक्के चालतं’. मग सॉफ्टवेअरला चकवायला शब्द बदलले जातात: ‘महत्त्वाचा’चं ‘मोलाचा’, ‘वाढ’चं ‘वृद्धी’. वाक्य मात्र दुसऱ्याचंच राहतं. बरेचदा यामागं लबाडीही नसते. उतारा पुरता कळलेला नसतो, म्हणून विद्यार्थी त्याला चिकटून चालतो. त्यावरचा उपाय अगदी हाताशी आहे. उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, पाच मिनिटांनी आठवून चार ओळी लिहायच्या, आणि मग पुस्तक उघडून दोन गोष्टी तपासायच्या: अर्थ बरोबर आला का, आणि नकळत मूळ लेखकाचे शब्द आले का. आले असतील तर अवतरणचिन्ह. आधाराचा उल्लेख दोन्ही वेळा करायचाच.

मोबाइलवरच्या एआयनं हा प्रश्न आणखी वाढवलाय, पण वर सांगितलेल्या टप्प्यांनी बराचसा सुटतोही. ज्याच्याकडं दुसऱ्या आठवड्यातलं वाक्य, सहाव्यातला खर्डा आणि बदलांचं अर्धं पान आहे, त्याला व्हायवाला एकच प्रश्न विचारावा: हा परिच्छेद तू का काढलास? स्वतः लिहिलेल्याला ते सांगता येतं.

कुठं फसतं

सर्वात जास्त फसतं ते एकदिवसीय कार्यशाळेत. बॅनर, दीपप्रज्वलन, दोन व्याख्यानं, जेवण, प्रमाणपत्र, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी फोटो. त्या दिवशी कुणी एक परिच्छेदही लिहीत नाही. त्यापेक्षा एका विभागातल्या चार शिक्षकांनी दोन तास बसून आपापला एकच प्रश्न नव्यानं लिहिला, तर त्या वर्षीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना फरक पडतो. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंग आणलंय. दोन्हींचे रिपोर्ट लिहावेच लागतात. सुरुवात तिथून करता येते, वेगळा पेपर मागायची गरज नाही.

दुसरी खोट अशी, की विषयातून विषयात कौशल्य आपोआप जात नाही. तिसऱ्या सेमिस्टरला शिकलेलं पाचव्याला वापरायचं असतं हे विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. शिक्षकानं एवढं म्हटलं तरी पुरतं: मागच्या वर्षी मॅडमनी पुरावा आणि मत वेगळं करायला शिकवलं होतं, ते इथं काढा.

आणि तिसरी, हे सगळं बहुधा एका उत्साही माणसाच्या खांद्यावर चालतं. त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, की पुढच्या जूनपासून जर्नलं पुन्हा कट्ट्यावर उतरवली जातात. म्हणून नव्यानं लिहिलेले प्रश्न, टप्प्यांचं वेळापत्रक, गुणांची वाटणी आणि चांगल्या-वाईट रिपोर्टचे चार-सहा नमुने, नावं झाकून, विभागाच्या फाइलला लावलेले असावेत. नव्यानं रुजू झालेल्या सरांना पहिल्याच दिवशी ती फाइल कपाटात सापडली पाहिजे.